गुळाच्या दिवसांतले सत्तर घोडे

दिवाळी सरली, पहाटे अंगावर दुसरं पांघरूण ओढावंसं वाटू लागलं, की निपाणीच्या पंचक्रोशीतली हवा गोड होते. हे मी कवी म्हणून नाही, ड्रायव्हर म्हणून सांगतोय. गुऱ्हाळं पेटायची ना तेव्हा. ज्या दिवसांबद्दल मी लिहितोय त्या दिवसांत आमच्याकडं चहात साखर घालत नसत. कप घेऊन दारात दोन मिनिटं उभं राहिलं की पुरे. एरवी आमची हवा तंबाखूची. नवा पाहुणा एस्टी स्टँडवर उतरला की शिंकायला लागायचा आणि सोयरीक ठरेपर्यंत थांबायचा नाही. त्याची मान खाली-वर होतेय हे बघून पोरीचा बाप होकार समजायचा. अशी कितीतरी लग्नं आमच्या गावात सुखानं टिकलीत.

यंदाही हवा गोड झाली, पण थोडीच. आता गुऱ्हाळं बोटांवर मोजण्याइतकी, ऊस कारखान्याला जातो. परवा ओढ्यापलीकडून कुठून तरी उकळत्या रसाचा वास आला आणि मी अंगणात खुर्ची टाकून नाक वर करून बसलो. तेवढ्यात माझा भाचा, बेळगावात बँकेत साहेब आहे, नवी मोटार घेऊन दारात हजर.

"मामा, टर्बो हाय हिला!"

"किती घोडं?"

"एकशेवीस."

"एकशेवीसच का? एकशेतीस का न्हायत?"

भाच्यानं डोकं खाजवलं. गाडीची पुस्तिका काढली, मोबाईल काढला, शेवटी म्हणाला, "कंपनीनं ठरवलंय मामा."

कंपनीनं ठरवलंय! मला हसू आलं. घोडे किती ते कंपनी ठरवत नाही आणि गाडीमागं लिहिलेली अक्षरंही ठरवत नाहीत. ते कोण ठरवतं, हे मला एका माणसानं ऐंशीच्या दशकात, काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, कडेला बसून, हातात ऊस धरून शिकवलं होतं. त्या हंगामाचा वास आणि त्या माणसाचा आवाज माझ्या डोक्यात एकाच खणात ठेवलेले आहेत. एक काढला की दुसरा आपोआप बाहेर येतो.

तो माणूस म्हणजे दौलू मिस्त्री. बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका कारखान्यात फिटर, माझ्याच वयाचा, तिशी ओलांडलेला. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचा, त्यातली पंधरा इंजिनाशी. मी मात्र आमच्या आप्पाची, म्हणजे थोरल्या भावाची, वडापची गाडी चालवायचो. वडाप म्हणजे गाडी गच्च भरली की निघायचं आणि वाटेत आणखी भरायचं. गाडी कुठल्याशा संस्थानिकाकडून उतरत उतरत आमच्यापर्यंत आलेली, परदेशी आणि इतकी लांब, की पुढची चाकं निपाणीत वळलेली मागच्या चाकांना संकेश्वरात कळायचं. तिच्यात पन्नास घोड्यांचं डिझेल इंजिन बसवलेलं. सपाटीवर ती महाराणी. तवंदीच्या घाटात मात्र बाळंतीण. एकदा एक बाई पायथ्याला कंटाळून उतरली आणि चालत वर गेली. आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा तिनं स्वेटरची एक बाही विणून पुरी केली होती. मला म्हणाली, "जरा हळू आला असतास तर दुसरीबी झाली असती रं."

दौलूची आणि माझी ओळख गुऱ्हाळातली. त्याचे वडील गणूतात्या आमच्या गुऱ्हाळात चुलवाणावर असायचे. चुलवाण म्हणजे काहिलीखालची मोठी भट्टी. तिच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडं आत सारत राहायचं, दिवस दिवस. खरं सांगायचं तर तेव्हा आम्ही लहान पोरंसुद्धा त्यांना नुसतं 'गणू' म्हणायचो. 'तात्या' मी आज लिहिताना लावतोय, उशिरा. जाळ त्यांचा, काहील आमची. रस नीट उकळला, मळी निघाली, गूळ सोन्यासारखा उतरला की पाठ थोपटली जायची गुळव्याची, म्हणजे काहिलीवर उभं राहून गूळ उतरवणाऱ्याची. गणूतात्यांनी काहिलीला हात लावायचा नाही, हा त्या काळचा आमचा शहाणपणा. ज्याच्या जाळावर सगळा गूळ उभा, त्याला कुणी कधी म्हणालं नाही की आज जाळ बरोबर लागला.

पण त्या माणसाला एक गोष्ट कळलेली होती, जी आमच्या गुळव्यालाही नीट सांगता यायची नाही. "जाळ जळणात नसतोय, वाऱ्यात असतोय." चिपाडं दुप्पट कोंबली तर धूर दुप्पट होतो, जाळ नाही. खालच्या तोंडातून वारा आत गेला पाहिजे आणि धुराड्यातून बाहेर ओढला गेला पाहिजे. मग जळण आपोआप आपलं काम करतं. दौलू हे वाक्य ऐकत वाढला. पुढं शाळा सातवीत सुटली, पण हे वाक्य सुटलं नाही.

म्हणून धरणाच्या कामावरचं भंगार विकायला निघालं आणि त्यात एका डंपराचा टर्बो त्याच्या हाती लागला, तेव्हा त्याला तो बघताक्षणी ओळखीचा वाटला. दोन लोखंडी शंख पाठीला पाठ लावून बसलेले. एकात इंजिनाचा तापलेला धूर शिरतो आणि आतला पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या शंखातला पंखा, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. जो धूर आपण फुकट सोडून देतो, त्याच्याकडून जाता जाता एक काम करून घ्यायचं. "तात्याचं चुलवाणच हाय ह्ये," दौलू म्हणाला, "फकस्त धुराडं स्वतःच वारा घालतंय."

डंपराचा टर्बो आमच्या इंजिनाला म्हणजे लेकराच्या पायात बापाचं पायताण. धूर तोकडा पडायचा, पंखा जागाच व्हायचा नाही. मग दौलूनं धुराच्या बाजूचा शंख नवा, अरुंद वाटेचा, फौंड्रीत ओतून घेतला. नळ अरुंद केला की पाणी जोरात उडतं, तसा धूर पंख्यावर जोरात बसू लागला. पहिल्यांदा टर्बोची शिट्टी आमच्या गुऱ्हाळाच्या आवारात वाजली तेव्हा चार बैलांनी दावी तोडली आणि पाचवा, जो जन्माचा आळशी होता, तो उठून आपण होऊन घाण्याला जुंपून घ्यायला उभा राहिला. ह्यात थोडं तुम्ही वजा करा. पण शिट्टी वाजली हे खरं.

आता ह्यात नुसती हौस नव्हती. कारखान्याचे मालक बसाण्णा, घरात कानडी, बाजारात मराठी आणि रागात दोन्ही बोलणारे, त्यांना इंजिनं तपासायचा नवा विभाग काढायचा होता. त्यावर एक मुख्य माणूस नेमायचा होता. डिप्लोमावाले तिघं रांगेत उभे. दौलू त्यांच्या केबिनमध्ये गेला, मी बाहेर दाराला कान लावून.

"पन्नासाच्या इंजिनातनं मी सत्तर घोडं काढून दाखवतो मालक."

"एष्टु? किती?"

"सत्तर."

"निघालं तर तो विभाग तुझा, मिस्त्री. न्हाय निघालं तर ही गोष्ट पुन्हा माझ्यासमोर काढायची न्हाय. आकडा तुझ्या तोंडचा हाय, माझ्या न्हवं."

घोडे मोजायचे कसे? तर ठरलेलं ओझं ठरलेला चढ किती वेळात चढतं, त्यावर. गाडीमागं ट्रॉली, ट्रॉलीत गुळाचे पंचाहत्तर रवे, म्हणजे तीस तीस किलोच्या ढेपा. टर्बो काढून ठेवून आम्ही तीनदा तवंदीचा घाट चढलो. पायथ्याच्या मोरीपासून खिंडीपर्यंत पाच मिनिटं छत्तीस सेकंद. दौलूनं कागदावर त्रैराशिक मांडलं. पन्नासांना एवढा वेळ, तर सत्तरांना बरोबर चार मिनिटं.

मला ती चार मिनिटं खुपायला लागली. माझा स्वभावच असा, की कुठलाही आकडा हातात आला की त्याला जरा खाऊ-पिऊ घालावंसं वाटतं. एका दुपारी काहिलीत रस चढला होता, फेस पिवळा होत होता, आणि दौलू सुट्टी काढून उसाचं कांडं चघळत बसला होता. मी म्हणालो, "सत्तरच का रं दौलू? शंभर म्हण की. म्हणायला काय जातंय?"

"म्हणायला काय जात न्हाय. इंजिनाचं हेड जातंय."

"आणखी वारा कोंबायचा मग."

त्यानं कांड्यानं शेताकडं दाखवलं. "त्यो पाट बघ. त्याला पाणी किती यील?"

"विहिरीत हाय तेवढं."

"न्हाय. जिथं पाट सगळ्यात अरुंद हाय, तेवढं. तू विहीर दुप्पट केलीस म्हणून पाणी दुप्पट हुतंय व्हय? इंजिनाचंबी तसंच. किती घोडं निघत्याल ते सगळ्यात दांडगी वस्तू ठरवत न्हाय, सगळ्यात आधी दमणारी वस्तू ठरवती."

मग तो त्या दिवसाची वीस वाक्यं ओलांडून बोलत सुटला. पंखा जेवढा, तेवढीच हवा. त्याच्यापलीकडं तो नुसता गरगरतो. हवा जेवढी, तेवढंच तेल जळतं. तेलाचा पंप जास्त सोडला तर नुसता काळा धूर, तात्यांच्या कोंबलेल्या चिपाडांसारखा. आणि हे दोन्ही जमलं तरी आतला जाळ सोसणारं कोण? पिस्टन सोसेल का, हेडचे बोल्ट सोसतील का, हेड आणि ब्लॉकच्या मधलं ते पत्र्याचं गॅस्केट सोसेल का? "मोट कितीबी मोठी शीव, नाडा तुटला की संपलं."

"आणि सगळ्यात वाईट खोड हवेचीच हाय," तो म्हणाला. "दाबली की तापती. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड धरून बघ. तापली की फुगती, आणि फुगली की तेवढ्याच जागेत थोडीच मावती. म्हंजे कोंबलेल्यातलं निम्मं आपल्याच उकाड्यानं परत बाहेर."

त्यावर त्याचा उपाय बघून मला भरून आलं. इंजिनाकडं जाणाऱ्या नळीला त्यानं गोणपाट गुंडाळलं आणि वर तेलाचा रिकामा डबा टांगला, बुडाला खिळ्यानं भोक पाडून. थेंब थेंब पाणी गोणपाटावर पडायचं, पळत्या गाडीचा वारा लागायचा, नळी गार. शेतावर जाताना आपण पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं बांधतो, तसंच. थंडीच्या दिवसांत पहाटेची गाडी जास्त ओढते, हे मला ड्रायव्हर म्हणून कायम ठाऊक होतं. मी पाशिंजरांना सांगायचो की इंजिन घराच्या ओढीनं पळतंय. त्या दुपारी कळलं की गार हवा दाट असते. एका घोटात जास्त बसते. माणसांचंही असंच असावं का? जी माणसं थंड, त्यांच्यात जास्त मावतं. आमच्यासारख्या तापणाऱ्यांचा नुसता आवाज मोठा.

आता माझं पाप सांगतो. ह्यातलं काही वजा करू नका.

आमच्यात एक रीत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी चुलवाण पेटवलं की त्याच्या तोंडात हळदीच्या अक्षतांची मूठ टाकायची. आधी त्यानं खायचं, मग आपल्याला द्यायचं. आमची आई टाकायची, तिच्या आधी तिची सासू. बसाण्णांसमोर घाट चढून दाखवायचा, त्या परीक्षेच्या सकाळी गाडी गुऱ्हाळाच्या आवारातच उभी होती. आप्पानं हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. दौलूच्या घरात पूजाअर्चा बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या समाधानाला माझी ना न्हाय आप्पा. हार घाला, लिंबू ठेवा. पण इंजिनाला हात नको." आणि डबा भरायला विहिरीवर गेला. टर्बोच्या नळीवरची हवेची गाळणी त्यानं उतरवून ठेवली होती, ओढ अडते म्हणून. उघडं तोंड फडक्यानं बांधलेलं.

मी त्या तोंडाकडं बघत राहिलो. हेही वारा खाणारं तोंड, हेही जाळासाठीच. चुलवाणाला देतो, मग ह्याला उपाशी का ठेवायचं? आणि आज तर दौलूच्या सगळ्या आयुष्याची परीक्षा. मी फडकं सोडलं, अक्षतांची मूठ आत सोडली, मनातल्या मनात म्हणालो, ह्याचं भलं कर, आणि फडकं होतं तसं बांधून ठेवलं. माझ्या हातून इतकं मनापासून केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

निघताना दौलूनं फडकं काढलं, पण दाणे आत नळीच्या वळणात बसून राहिले. इंजिन नुसतं सुरू असताना तेवढी ओढ नसते. घाट लागला, मी पाय दाबला, शिट्टी चढली, आणि पहिली दोन वळणं अशी गेलो की रस्त्याकडेची झाडं माना वळवून बघत होती. तिसऱ्या वळणावर जात्यात खडा यावा तसा आवाज आला. शिट्टीची किंकाळी झाली, मग शिट्टीच गेली. मागं काळा धूर. तेल येतच होतं, हवा बंद झालेली. गाडी बिचारी चार हात सरकली आणि उभी राहिली.

खिंडीत घड्याळ घेऊन थांबलेले बसाण्णा खाली आले. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मिस्त्री, आकडा कुठं गेला?"

दौलू चाकांना दगड लावायला वाकला. डिप्लोमावाल्यांपैकी एकजण आला होता, त्यानं रुमाल तोंडावर धरला, धुरामुळं असेल.

दुसऱ्या दिवशी दौलूनं टर्बो उघडला. हवेच्या पंख्याच्या पात्या उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारख्या झालेल्या. तो पंखा मिनिटाला साठ हजार वेळा फिरतो, असं दौलूनंच मला सांगितलं होतं. मी पुढं ते दोन लाख करून सांगायचो. त्या वेगात तांदळाचा दाणा म्हणजे बंदुकीची गोळी. नळीच्या वळणात पाच दाणे शिल्लक होते. त्यानं ते तळहातावर घेतले.

"ह्ये कुणाचं?"

"उंदीर असंल," मी म्हणालो.

"हळद लावून खाणारा उंदीर?"

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "तुझं चांगलं व्हावं म्हणून टाकल्या रं."

मला वाटलं तो पाना फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. त्यानं दाणे खिडकीत नीट मांडून ठेवले. "तुझी आई चुलवाणात टाकायची, आठवतंय मला. चुलवाण दाणा पचवतंय. ह्ये पचवत न्हाय, एवढाच फरक." मग म्हणाला, "चूक माझीच. हवा मोजली, तेल मोजलं, गॅस्केट मोजलं. तुझा हात मोजायचा ऱ्हायला."

दौलू कामावर परतला त्याच दिवशी मी मच्छेला गेलो. बसाण्णांच्या केबिनमध्ये चार माणसं बसली होती. मी सगळं सांगितलं. एक अक्षर न वाढवता. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुकी गोष्ट. केबिनचं छत उडेल असं हसणं झालं.

"तांदळानं इंजिन बंद पडलं!" बसाण्णांच्या डोळ्यांत पाणी. "अरे, ह्योच न्हवं का त्यो, ज्याच्या गाडीला घाटात वाघानं हात केला?"

"आणि संकेश्वरात उतरला," कुणीतरी पुस्ती जोडली.

ती गोष्ट माझीच होती, मी नाकारू कशी? जन्मभर एवढ्या थापा रचल्या, आणि एक खरी गोष्ट आत ठेवायला गेलो तर जागाच नाही. मी हात जोडले. "मालक, माझं ऐकू नका. दौलूला इचारा."

दौलूला बोलावलं. तो हात पुसत आला.

"ह्यो म्हणतोय ते खरं हाय?"

"व्हय."

हसणं जागच्या जागी थांबलं. ह्या एका 'व्हय'चं वजन माझ्या हजार गोष्टींना नव्हतं.

"मग घाटात त्या दिवशी का बोलला न्हाईस?"

"उघडून बघितल्याबिगर कसं बोलू?"

बसाण्णांनी टेबलावर बोटं वाजवली. "एकदा. आणखी एकदाच."

दुसरा पंखा कोल्हापूरच्या भंगारातून मिळाला. तो बसवायला संक्रांत आली. टर्बोच्या तोंडाला ह्या वेळी तारेची जाळी होती, आणि दौलूनं ती माझ्याकडं न बघता बसवली. गुऱ्हाळ भरात होतं. त्या दिवसांचं मला काय आठवतं? ओठांवर गुळाचा चिकटपणा, बोटांना डिझेलचा वास, आणि दोन्ही मिळून एक असा वास, जो पुन्हा कुठं आला नाही. आज रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रक टर्बोची शिट्टी घालत जातो. भाच्याच्या गाडीत तर ती ऐकूही येत नाही, काच लावली की झालं. ज्याच्यासाठी एका माणसानं आपलं नाव डावावर लावलं, ते आता सगळ्यांच्या गाडीत मुकाट्यानं बसलंय. वाईट वाटत नाही. पण भाचा "कंपनीनं ठरवलंय" म्हणतो तेव्हा वाटतं, त्या कंपनीतही कुणीतरी दौलू असेल, ज्यानं एकशेतीस म्हणणाऱ्यांच्या गर्दीत एकशेवीस म्हटलं असेल.

दुसऱ्या परीक्षेला बसाण्णा पुढं जाऊन खिंडीत थांबले. त्यांचं आणि माझं घड्याळ सेकंदकाट्यासकट जुळवलेलं. बरोबर चारला मोरीपाशी सुटायचं ठरलं होतं. चारला मी बघतो तर पुढं उसाच्या बैलगाड्यांची माळ घाटातून उतरतेय. थांबणं भाग होतं. इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर तयार झालेला जाळ बसतो. उन्हात उभे राहिलो. वर डबा टिपटिप गळत होता. शेवटची बैलगाडी गेली तेव्हा मी घड्याळ बघितलं: चार वाजून सहा मिनिटं, सेकंदकाटा बारावर.

सुटलो.

त्या चढाचं वर्णन मी पुढं शंभरदा केलं आणि दर वेळी गाडी थोडी जास्त उडाली. इथं एवढंच लिहितो, की ती थांबली नाही. तिसरं वळण आलं आणि गेलं. दौलू शेजारी बसून एक हात खिडकीतून बाहेर काढून बॉनेटच्या फटीतून नळीवर ठेवत होता. शेवटचं वळण लागलं, खिंड दिसायला लागली, आणि त्यानं हात झटकन मागं घेतला.

"गोणपाट वाळलं. पाय काढ."

"अरं, खिंड दिसाय लागली की!"

"हवा तापलीया. आता दाबलंस तर गॅस्केट जाणार. पाय काढ."

"जाऊ दे की गॅस्केट! नवं घालू. तुझी जागा—"

"उद्या ह्याच गाडीत माणसं बसवणार हाईस न्हवं? पाय काढ म्हणतोय."

मी जन्मात कधी पाय काढला नव्हता. ना गाडीत, ना बोलण्यात. त्या क्षणी कळलं की सत्तर घोडे, शंभर घोडे, हे सगळे शेवटी एका पायाखाली असतात, आणि तो कधी उचलायचा हे ज्याला कळतं त्याचं इंजिन टिकतं. मी पाय उचलला. निम्माच, पण उचलला. शिट्टी खाली आली. गाडी शहाण्या बाईसारखी चालत खिंडीत पोचली.

बसाण्णा घड्याळ हातात धरून उभे. "चार दहा, सात सेकंद. सुटलासा कधी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बसाण्णांना खालचं काही दिसलेलं नव्हतं. घड्याळ माझ्या मनगटावर होतं, सुटायची वेळ माझ्या तोंडात होती. चार सहा म्हटलं तर चार मिनिटं सात सेकंद, गेलं सगळं. मी वाघाला गाडीत बसवलेला माणूस, मला दहा सेकंद काय जड?

"चार सहा," मी म्हणालो, "आणि वर धा सेकंद."

बसाण्णांनी बोटांवर मोजलं आणि तोंडभर हसले. "तीन मिनिटं सत्तावन! गेद्दी मिस्त्री, जिंकलास!"

"चार सहा," दौलू म्हणाला. "काटा बारावर हुता. मी बघितलाय."

"ड्रायव्हर तर धा सेकंद—"

"ती धा सेकंदं ड्रायव्हरची. माझी न्हवंत."

मी मान खाली घातली. बसाण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "अरे, सात सेकंदानं काय हुतंय? सोड की."

"सात सेकंद म्हंजे दोन घोडं." दौलूनं बॉनेटवरच्या धुळीत बोटानं त्रैराशिक मांडलं. खाली आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला. "अडुसष्ट निघालं मालक. मी सत्तर म्हणालतो."

"म्हंजे हरलास."

"सत्तर हरलो."

"मग जागा नको तुला?"

दौलूनं वर बघितलं.

"जागा पायजे," तो म्हणाला. "पण अडुसष्टावर पायजे."

बसाण्णा त्या धुळीतल्या आकड्याकडं बघत राहिले. मग वाकून बॉनेट उचललं, वाळलेल्या गोणपाटाला हात लावला, चटका बसला तसा काढला. रिकामा डबा हलवून बघितला. ट्रॉलीतला गूळ उन्हात घमघमत होता.

"सोमवारी ये," ते म्हणाले. "आणि येताना मोठा डबा आण."